होम प्लेटवरचा नारळ

नारळ होम प्लेटवर आपटला आणि टप्पा घेऊन परत उडाला.

उडणारच. बेसबॉलची होम प्लेट म्हणजे जमिनीत रोवलेली पांढरी पाचकोनी रबरी पाटी. तिच्याशेजारी उभं राहून पोरं बॅट फिरवतात. रबरावर नारळ फुटत नाही हे कळायला इंजिनीअर असावं लागत नाही. आमच्या लीगचे संस्थापक श्रीरंगभाऊ मात्र इंजिनीअर होते, पुण्याचे होते, आणि दसऱ्याचा रेशमी कुर्ता घालून आले होते. नारळ त्यांच्या गुडघ्याला लागला आणि गडगडत पहिल्या बेसच्या रेषेबाहेर गेला. डगआउटमध्ये, म्हणजे पोरांच्या बाकड्यांच्या पिंजऱ्यात, कोणीतरी ओरडलं, "फाउल बॉल!"

सगळं मैदान हसलं. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं. मला हसायला फार आवडतं, आणि तोवर माझी समजूत होती की मी हसणाऱ्यांपैकी एक आहे.

मग कोणीतरी पार्किंगच्या कडेची वीट आणली. ती प्लेटवर ठेवली. नारळ फुटला. पाणी, करवंटीच्या कपच्या, शेंडीचे धागे, वरून कुंकू, खाली अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलची लाल माती. प्लेटवर सगळ्याचा रबडा झाला. बाजूला कुंपणाला टेकून बॅटी ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येक बॅटीला हळदकुंकवाची बोटं. शस्त्रपूजा.

श्रीरंगभाऊंनी रुमालानं हात पुसले. प्लेटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी अंपायर होते. निळा शर्ट, राखाडी पँट, शर्टाच्या आत छातीचं कवच, आणि कमरेच्या पिशवीत एक छोटा ब्रश. खेळताना प्लेटवर माती उडते. अंपायर ब्रश काढतो आणि कडा दिसतील इतकी प्लेट साफ करतो. जगभर असंच असतं.

श्रीरंगभाऊंच्या हातात माइक होता. ते म्हणाले,

"आज प्रत्येकानं आपापल्या शस्त्राची पूजा करायची. पोरांची शस्त्रं झाली. वहिनींचं शस्त्र तर त्यांच्या कमरेलाच आहे! घ्या वहिनी, चालवा. तुम्हाला काय शिकवायचं!"

हशा आला. सगळीकडून नाही आला. ज्यांना कळलं त्यांच्याकडूनच आला. दोनचार अमेरिकन आईबाप होते, ते नुसते हसऱ्या चेहऱ्यानं बघत राहिले. त्यांना वाटलं, हाही पूजेचाच भाग असेल. बरोबर होतं त्यांचं. पूजेचाच भाग होता.

मी झाडलं. वाकून झाडलं.

अंपायरची एक जुनी रीत आहे. प्लेट साफ करताना पाठ मैदानाकडे करायची आणि तोंड प्रेक्षकांकडे. लोकांना आपलं ढुंगण दाखवायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. मला ती नीट शिकवलेली होती. मी रीत पाळली. त्यामुळे वाकल्यावाकल्या मला सगळे चेहरे दिसले. रुमाल तोंडाला लावून हसणारी मेधा, श्रीरंगभाऊंची बायको. मान दुसरीकडे वळवणारे. फोनवर व्हिडिओ घेणारे. आणि डगआउटच्या जाळीमागे, कॅचरचा मुखवटा डोक्यावर सरकवून उभी असलेली माझी मुलगी मित्रा.

ती हसत नव्हती. बघत होती.

आता इतिहास. इतिहास सांगायचं कारण असं की लीगचा वाढदिवस येतोय आणि स्मरणिका निघतेय. वर्षापूर्वी, उघड भांडण व्हायच्या आधी, मेधाचा मला मेसेज आला. "तुम्ही किती छान रंगवून सांगता! लीगचा इतिहास तुम्हीच लिहा ना. मजेदार हवा. दोन पानं पुरे." खाली हसऱ्या तोंडांची रांग.

मागितलाय तर घ्या.

श्रीरंगभाऊंचा मुलगा निनाद आधी गावच्या लीगमध्ये खेळायचा. तिथल्या कोचनं त्याला पूर्ण सीझन राइट फील्डला उभं केलं. लहान पोरांच्या बेसबॉलमध्ये राइट फील्ड म्हणजे मैदानाचा तो कोपरा, जिकडे चेंडू जातच नाही. नको असलेलं पोर तिथे ठेवतात. निनाद तिथे गवत उपटायचा आणि विमानतळाकडे जाणारी विमानं बघायचा. एकदा तर पाठ करून बसला होता.

श्रीरंगभाऊ पेटले. त्यांनी आम्हा सगळ्या मराठी आईबापांना आपल्या बेसमेंटमध्ये बोलावलं, उभं राहून भाषण केलं. म्हणाले, "हे लोक आपल्याकडे बघतात आणि ठरवून मोकळे होतात. नाव बघतात. रंग बघतात. खेळ बघतच नाहीत! पोराची जागा आधीच ठरलेली. का? कोण हे? यांना हा अधिकार दिला कोणी?"

मी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. इतकं जोरदार भाषण मी आमच्या उत्तर नागपुरातही ऐकलं नव्हतं, आणि उत्तर नागपुरात भाषणांची काही टंचाई नाही.

अशी आमची लीग सुरू झाली. भेदभावाविरुद्ध. स्मरणिकेत हे ठळक अक्षरांत छापा.

पहिलं वर्ष काय धमाल होतं! सगळे बाप क्रिकेटवाले. चेंडू लागला की बॅट टाकून पळायचं, हे त्यांना पटेचना. "बॅट घेऊन पळ रे! बॅट टेकव!" असं बाप ओरडायचे, आणि पोरं बिचारी हातात बॅट घेऊन पहिल्या बेसवर, म्हणजे पळून गाठायच्या पहिल्या गादीवर, आडवी पडायची. इंटरनेटवर बघून बघून एक काका चेंडू फेकायला शिकले आणि खांदा निखळवून बसले. आम्ही आयांनी चुन्याच्या रेषा मारल्या, मातीवर दाताळं फिरवलं, टोप्या शिवून घेतल्या.

आणि माझी तर चांदी होती. कारण मी खेळलेली. बेसबॉल नाही, सॉफ्टबॉल. नागपुरात कॉलेजात मी कॅचर होते, युनिव्हर्सिटीकडून खेळले. कॅचर म्हणजे प्लेटमागे उकिडवं बसून चेंडू अडवणारा भिडू. सगळा खेळ त्याच्यासमोर असतो. मी मित्राला तेच शिकवलं. अंगणात, गॅरेजसमोर, रोज. तिला दुसरी जागा नकोच होती. "आय वॉन्ट टू सी एव्हरीबडी," असं ती म्हणायची.

पहिल्या सीझनच्या शेवटी श्रीरंगभाऊ आणि मेधा आमच्याकडे चहाला आले. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर आमच्याकडे एक फोटो आहे. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. मराठी माणसाला नाव सांगावं लागत नाही. मेधानं कप उचलला, तो फोटो पाहिला, कप परत बशीत ठेवला.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही नागपूरचे... त्या बाजूचे."

"हो," मी म्हटलं. "त्याच बाजूचे. भजी घ्या ना."

भजी तशीच राहिली. चहावर साय धरली.

सामना झाला की पोरांना खायला द्यायची पाळी प्रत्येक घरावर यायची. कोणी ढोकळा आणायचं, कोणी पॅटिस, कोणी बटाटेवडे. पुढच्या सीझनला माझी पाळी आली तेव्हा मेधा गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही ना, काहीतरी पॅक्ड आणा. चिप्स वगैरे. नोकरी करता, कशाला त्रास घेता?" मेधाही नोकरी करते. तिचा ढोकळा घरचा असायचा.

मी चिप्स आणल्या. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "का गं, तू तर आलूबोंडे करणार होतीस?" मी म्हटलं, "पोरांना हेच आवडतं." त्यालाही कळलं होतं. आपण दोघांनी कळलं नाही असं दाखवायचं, असा आमच्यात न बोलता ठराव झाला.

मग लीगला अंपायर पाहिजे होता. कोणालाच व्हायचं नव्हतं. अंपायर म्हणजे शिव्या खायची जागा. दोन्हीकडचे आईबाप खेकसतात, उन्हात उभं राहायचं, चेंडू अंगावर घ्यायचा. बेसमेंटमध्ये सगळे छताकडे बघायला लागले. श्रीरंगभाऊ म्हणाले, "वहिनी करतील ना! त्या खेळलेल्या आहेत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घाणीचं काम आपल्यावर आलं नाही की माणूस मनापासून टाळ्या वाजवतो.

अंपायरचं शिक्षण घ्यायला मी वॉल्टरकडे जायचे. वॉल्टर म्हातारा, काळा, पोस्टातून रिटायर झालेला, पोटाचा घेर असा की चेंडू त्याच्या अंगावरून घरंगळायचा. या भागातले निम्मे अंपायर त्यानं तयार केलेले. तो मला पहिल्या दिवसापासून "ब्लू" म्हणायचा. इथे अंपायरला असंच म्हणतात, निळ्या शर्टामुळे. आमच्या घरात निळ्या रंगाचं काय आहे, हे त्याला कुठे ठाऊक! मी मनात म्हटलं, वा! इथे पगार देऊन हाच रंग घालायला लावतात.

वॉल्टर सांगायचा, "प्लेट तुझी आहे, ब्लू. तू 'प्ले' म्हणेपर्यंत सामना नाही. नुसती माणसं गवतावर उभी आहेत."

पाठ मैदानाकडे, तोंड लोकांकडे, ही रीतही त्याचीच.

त्या दसऱ्यानंतरच्या सामन्याला मी अंपायर नव्हते. कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. सामना संपला. पोरं खेळताना सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि टरफलं तिथेच थुंकतात, त्यामुळे डगआउटमध्ये टरफलांचा खच पडतो. तो झाडायची पाळी लावलेली होती, दर वेळी वेगळं पोर. त्या दिवशी पाळी निनादची होती. निनादनं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि मित्राच्या हातात दिला.

"यू डू इट," तो म्हणाला. "युअर मॉम डझ इट."

दोनतीन पोरं हसली.

निनादला जात माहीत नव्हती. इथे जन्मलेलं पोर ते. त्याला मराठीत दहापर्यंत आकडे नीट येत नव्हते. त्याला फक्त एवढं कळलं होतं की झाडू कोणाच्या हातात दिला की मोठी माणसं हसतात. तेवढं पुरतं. एवढ्या भांडवलावर हा धंदा हजारो वर्षं चाललाय.

मित्रानं झाडलं. अगदी मीच झाडावं तसं. खालचा ओठ दाताखाली धरून.

गाडीत ती मागच्या सीटवर बसली. एरवी पुढे बसायला भांडते.

"आई, व्हाय डिड यू डू इट?"

"काय गं?"

"द कोकोनट."

"अगं, अंपायरचं कामच असतं ते. प्लेट साफ करणं."

"नो," ती म्हणाली. "ही टोल्ड यू टू."

एरवी बोलायला लागले तर मी दोन स्टेट पार करीपर्यंत थांबत नाही. त्या दिवशी मी नुसता इंडिकेटर दिला आणि घराकडे वळले.

माझी आजी नागपूरजवळच्या गावात पाटलाच्या दारचं अंगण झाडायची. तिच्या आधी तिची सासू झाडायची. मग नागपुरात तो मोठा दसरा झाला. आजी पांढरं लुगडं नेसून, माझ्या बापाला कडेवर घेऊन गेली आणि दीक्षा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पाटलाचा माणूस दारात. "झाडाले ये." आजी म्हणाली, "तुमचं आंगन तुमी झाडा." तिचं धान्य बंद झालं. गावानं बोलणं टाकलं. आजी नागपुरात आली आणि जन्मभर विड्या वळत बसली. दर दसऱ्याला ती ही गोष्ट आम्हाला सांगायची. उभी राहून, हातवारे करून, पाटलाच्या माणसाचा आवाज काढून. रंगवून सांगायचं मी तिच्याकडूनच शिकले.

आणि तिची नात, औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासणारी, स्वतःचं घर असलेली, दसऱ्याच्याच दिवशी, मॉरिसव्हिलमध्ये, दुसऱ्याचा नारळ झाडत होती.

त्या रात्री मी रडले वगैरे नाही. मला राग आला. असा राग की अंगात एकदम तरतरी आली. वाटलं, वाट बघू. दसरा दर वर्षी येतो.

मी वॉल्टरला सगळं सांगितलं. नारळ, झाडू, आजी. त्यानं ऐकून घेतलं. त्याचे वडील बेसबॉल बघायला जायचे तेव्हा काळ्यांसाठी कुंपणापलीकडे वेगळी बाकडी असायची, हे त्यानं मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. आता त्यानं ते परत काढलं नाही. म्हणाला, "ब्रश तुझा आहे. कधी काढायचा ते तू ठरवतेस. दुसरा सांगायला लागला की तो ब्रश राहत नाही."

मग म्हणाला, "आणि नियम वाच, ब्लू. नियमांत फार मजेदार गोष्टी असतात."

वाचले. अहाहा! काय वाचन होतं ते! सामना सुरू व्हायच्या आधी मैदान खेळण्यालायक करून देणं ही यजमान संघाच्या मॅनेजरची जबाबदारी. आमच्या लीगच्या नियमांत तर पुढे असंही होतं की मैदान वेळेत तयार नसेल तर यजमान संघ हरला असं जाहीर करायचं. ते नियम श्रीरंगभाऊंनी स्वतः लिहिलेले. आणि मॅनेजर कोण? तेच.

वर्षभर मी गोड राहिले. इतकी गोड की माझ्याच दातांना कीड लागायची. "हो भाऊ." "चालेल भाऊ." चिप्स आणल्या. हसले. मित्राला मात्र एक सांगितलं. डगआउट झाडायची तुझी पाळी असेल तेव्हा झाड. नसेल तेव्हा झाडूला हात लावायचा नाही. कोणी का सांगेना. तिनं विचारलं, "काका सांगितलं तर?" मी म्हटलं, "काकांनी सांगितलं तर मुळीच नाही."

पुढचा दसरा आला. सण इथे मैदानाचं परमिट मिळेल त्या शनिवारी येतात. या वेळी श्रीरंगभाऊंनी थाट केला होता. शेजारच्या गावाचा संघ बोलावला होता. गावच्या पार्क खात्याची माणसं पुढच्या रांगेत होती. त्यांच्याकडून लीगला कायमचं मैदान मिळवायचं होतं. समोरच्या कोचला मी आधीच सांगितलं की कॅचर माझी मुलगी आहे, चालेल ना? तो हसून म्हणाला, "मग तिला आज सूट मिळणार नाही हे नक्की."

सकाळी मी घरी पांढरी साडी नेसून वंदना केली. मग साडी घडी करून ठेवली आणि निळा शर्ट घातला.

सोहळा मागच्यासारखाच. बॅटी ओळीनं. हळदकुंकू. वीट या वेळी आधीच तयार, तिलाही कुंकू लावलेलं. नवा कुर्ता, मोतिया रंगाचा. नारळ फुटला. रबडा झाला. माइक.

"आणि आता वहिनी! मागच्या वर्षीसारखंच!"

हसणारे हसायच्या तयारीत.

मी प्लेटमागे हाताची घडी घालून उभी राहिले. मुखवटा काखेत. आणि इंग्रजीत, पार्क खात्याच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हटलं,

"कोच, तुमची प्लेट तयार नाही. साफ करून द्या."

भाऊ नाही. कोच.

ते हसले. "वहिनी, ब्रश आहे ना तुमच्याकडे."

"हा खेळात उडालेल्या मातीसाठी आहे. सामना अजून सुरू झालेला नाही. आत्ता मैदान तुमचं आहे."

ते जवळ आले. माइक खाली घेतला. मराठीत, दात न उघडता म्हणाले, "तमाशा करू नका. पाहुणे आलेत."

"तमाशा अजून सुरू कुठे झालाय, कोच? अजून तर नुसती गण-गवळण चाललीये."

मेधा पेपर नॅपकिन घेऊन धावली. तिच्यामागून श्रीरंगभाऊंच्याच कंपनीतला एक तरुण बाप. मी दोन्ही हात वर केले. अंपायरनं दोन्ही हात वर केले की सगळं थांबतं. थांबलं.

"मॅनेजर," मी म्हटलं. "दुसरं कोणी नाही. वेळ संपली तर मला तुमचा संघ हरला असं जाहीर करावं लागेल. नियम तुमचेच आहेत."

समोरच्या कोचनं घड्याळात पाहिलं. पार्क खात्याच्या बाईंनी शेजारच्याला काहीतरी विचारलं. श्रीरंगभाऊंचा चेहरा कुंकवाच्या रंगाचा झाला. मग त्यांनी जे केलं ते विचार करून केलं असेल असं मला वाटत नाही. हात सवयीच्या जागी जातो, तसे त्यांचे डोळे गेले. प्लेटमागे, माझ्या पायांशी, कॅचरचे पॅड बांधून बसलेल्या मित्राकडे.

"मित्रा, बेटा. यू आर सो गुड ॲट इट. जरा तो झाडू आण ना."

तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. येत्या वसंतात निवडक पोरांचा संघ बाहेर खेळायला जाणार होता. कॅचर तिलाच व्हायचं होतं. संघ निवडणार श्रीरंगभाऊ. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात तिनं मुखवटा वर केला.

"नो, काका," ती म्हणाली. "आय ॲम द कॅचर."

आणि मुखवटा खाली ओढून ती परत उकिडवी बसली. जागची हलली नाही.

"तो ब्रश तरी द्या," श्रीरंगभाऊ मला म्हणाले.

"हा माझा आहे."

ते डगआउटमध्ये गेले. टरफलांचा तोच झाडू घेऊन आले. आणि वाकले.

त्यांना वाकायची रीत कोणी शिकवलेली नव्हती. त्यांनी पाठ लोकांकडे केली. मोतिया कुर्ता वर गेला. पुढच्या रांगेला जे दिसायचं ते दिसलं. त्यांनी झाडू मारला, खोबऱ्याचा तुकडा उडून त्यांच्याच चपलेवर बसला. शेंडीचे धागे रबराला चिकटलेले, ते निघेनात.

"डाव्या कोपऱ्यात राहिलंय, कोच."

झाडलं.

"कुंकू. कडेला. कडा दिसली पाहिजे मला."

बोटानं पुसलं.

"वीट पण न्या."

वीट उचलून नेली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मनाचा मोठेपणा वगैरे मला काही सुचला नाही. आजी विड्या वळून गेली, तिला हे बघायला मिळालं नाही, म्हणून तिच्या वाटणीचाही आनंद मी त्याच जागी उभ्या उभ्या घेतला. मग मी मुखवटा चढवला, मित्राच्या मागे जागा घेतली, आणि फुप्फुसं फाटतील एवढ्यानं ओरडले,

"प्ले!"

आमचा संघ तो सामना हरला. अंपायरनं कोणालाच सूट दिली नाही.

आता पुढचं. ते स्मरणिकेत नक्कीच येणार नाही.

रात्रीपासून ग्रुपवर मेसेज सुरू झाले. "स्पोर्ट्समध्ये हे सगळं आणायला नको होतं." "इथे कोण जात मानतं?" "साधा जोक होता यार." "पोरांसमोर मोठ्या माणसाचा अपमान!" ज्यांना आदल्या वर्षी जोक कळला होता, नेमके तेच. ज्याला जात माहीत नाही त्याला तो जोक कळला कसा, हे मी विचारलं. मला ग्रुपमधून काढलं.

लीगमधली एक आई मला किराणा दुकानात भेटली. कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी तिनं माझा हात घट्ट धरला. "ताई, जयभीम," ती कानाशी म्हणाली. मग इकडेतिकडे बघून, "कोणाला सांगू नका, प्लीज. आमच्या आडनावावरून इथे कळत नाही." आणि ट्रॉली ढकलत निघून गेली. मी तिला हसले नाही. मी वर्षभर "हो भाऊ, चालेल भाऊ" म्हटलंच होतं की.

वसंतात निवडक संघ लागला. कॅचर निनाद. श्रीरंगभाऊ म्हणाले, "कॅचरला ॲटिट्यूड चालत नाही." मित्राला जागा मिळाली. कुठली? ओळखा बघू.

राइट फील्ड.

जिथून लीग सुरू झाली, तिथेच. तेच गवत. वरून जाणारी तीच विमानं. भाषण करणारे तेच, फक्त आता कोपरा त्यांच्या मालकीचा. हा झाला लीगचा इतिहास, मेधा. दोन पानांत बसला असता, पण तुम्हीच रंगवून सांगायला सांगितलंत.

मित्रा पाठ करून बसत नाही. गवत उपटत नाही. सबंध सामना गुडघे वाकवून, हातमोजा उघडा ठेवून उभी असते. मी तिला विचारलं, "दुसऱ्या लीगमध्ये जायचं?" ती म्हणाली, "नो. लेट देम लुक ॲट मी." मी तिला शाबासकी दिली नाही. तिचा सीझन गेला तो गेला. तो मला कोणी परत आणून देणार नाही, आणि माझ्या आनंदाची किंमत तिनं मोजली हे मी विसरणार नाही. म्हणूनच मागे हटणार नाही.

श्रीरंगभाऊंनी मला अंपायर म्हणून बंद केलं. त्यांच्या हातात तेवढंच होतं. पण मैदान अजून गावाचंच आहे, आणि बाहेरच्या संघाशी सामना असला की अंपायर लीग नेमत नाही. ते नेमणं वॉल्टरच्या हातात असतं. काल त्याचा फोन आला. शेजारच्या गावाचा संघ पुन्हा येतोय, दसऱ्याच्या शनिवारी. प्लेटमागे कोण पाहिजे म्हणून त्यांच्या कोचला विचारलं, तर त्यानं माझं नाव घेतलं.

"येशील, ब्लू?"

मी हो म्हटलं. शर्ट धुऊन वाळत घातलाय.

तर श्रीरंगभाऊ, शनिवारी भेटू. नारळ आणा. वीट आणा. खुशाल फोडा. झाडूही घरूनच आणा, आणि कुर्ता जरा लांब घाला. माझा ब्रश माझ्या कमरेला असेल. तुम्ही प्लेट साफ करून दिल्याशिवाय तो बाहेर निघणार नाही, आणि माझ्या तोंडून "प्ले" निघणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, निनादची पोरं खेळायला लागतील तेव्हाही नाही.